सुलेमानचाचांची माफी

वकिलाला किस्से शोधत फिरावं लागत नाही. अशील निकालाच्या दिवशी गायब होईल, पण किस्सा मागे ठेवून जाईल! त्यातून माझं ऑफिस डहाणू रोडला लागून मसोलीत, सुलेमानचाचांच्या गवताच्या वखारीत. मागे गासड्यांची थप्पी, पुढच्या खोलीत मी, माझं टेबल आणि एक कुरकुरणारा पंखा. दिवाळीनंतर झरी-तलासरीकडून गवताच्या गाड्या यायला लागल्या की माझ्या फायलींत गवत, चहात गवत, काळ्या कोटाच्या खिशात गवत. किस्सेही तसेच. कुठून चिकटतात कळत नाही. घरी जाऊन कोट झटकला की चार खाली पडतात.

आम्ही मुसलमान आहोत म्हटल्यावर गुन्हा या विषयावर लोकांना एकच प्रश्न सुचतो. "तुमच्यात चोराचा हात कापतात ना हो?" बार रूममध्ये हा प्रश्न मला इतक्यांनी विचारलाय, की हल्ली मी उत्तर देत नाही. मी त्यांना चाचांच्या वखारीत चहाला आणतो. चाचांनी उभ्या आयुष्यात गवत सोडून काही कापलेलं नाही, आणि तेही मजुरांकडून.

या किश्शांतल्या एकाच माणसाचं नाव मी बदललंय. बाकीच्यांची बदलली असती तर ते भांडायला आले असते, आमची नावं का नाहीत म्हणून!

*

पालघर जिल्हा नवीन झाला, त्या सुमाराला साताऱ्याकडचे एक फौजदार बदलून आले. मिशा झुबकेदार, आवाज बुलंद आणि कुतूहल दांडगं. पहिल्याच आठवड्यात वखारीत चहा घेता घेता त्यांनी चाचांना तो प्रश्न टाकला.

"चाचा, तुमच्या कायद्यात चोराचा हात कापतात म्हणे?"

"कापतात ना साहेब. का नाही कापणार?" चाचा म्हणाले.

फौजदार खूश झाले. खुर्ची पुढे ओढून बसले.

"फक्त आधी थोडं बघतात," चाचांनी दाढीतली गवताची काडी काढली. "चोर उपाशी होता का? उपाशी असेल तर नाही कापत. माल कुलपात होता की उघड्यावर? उघड्यावर असेल तर नाही कापत. माल किरकोळ असेल तर नाही. बघणारे साक्षीदार पक्के आहेत का? थोडी जरी शंका आली तर नाही. आणि काझीपर्यंत जायच्या आधी मालकाने माफ केलं, तर विषयच संपला."

"मग उरलं काय?"

"हेच. हे सगळं बघून होईपर्यंत चोर म्हातारा होतो साहेब. मग म्हाताऱ्याचा हात कोण कापणार?"

फौजदारांनी चहा खाली ठेवला. म्हणाले, "च्यायला! म्हणजे आमच्या कोर्टासारखंच की!"

*

आता लतीफ. सायकलचं पंक्चर काढायचा, पण गिऱ्हाईक नसलं की हात शिवशिवायचे. मोठी चोरी कधी केली नाही. कुणाची बादली, कुणाचा पाइप. वाडीत काही हरवलं की लोक आधी लतीफचं नाव घ्यायचे आणि मग शोधायचे.

एका संध्याकाळी मगरिबच्या सुमाराला तो वखारीच्या मागच्या बाजूने आला आणि गासड्यांवरची नवी ताडपत्री ओढायला लागला. चाचा खिडकीत वझू करत, म्हणजे नमाजाआधी हातपाय धूत होते. त्यांनी बघितलं. दुसरा कोणी असता तर बोंब मारली असती. चाचा तोंडातल्या तोंडात म्हणाले, "ले जा बेटा, तेरा हुआ."

त्यांचं म्हणणं असं, की आपल्या मालापायी एक माणूस अल्लासमोर चोर कशाला ठरावा? त्याने उचलायच्या आत आपण देऊन टाकायचं. मग ती चोरी राहतच नाही!

अल्लासमोर नसेल राहत. पण लतीफ ताडपत्री डोक्यावर घेऊन कोपऱ्यावर वळला आणि थेट आमच्या फौजदारांच्या जीपवर आपटला. ताडपत्रीवर चाचांच्या वखारीचं नाव रंगवलेलं. केस उभी राहिली. लतीफचं वकीलपत्र माझ्याकडे, आणि सरकारचा मुख्य साक्षीदार, म्हणजे ताडपत्रीचा मालक, माझा घरमालक!

खोटं बोलायचं नाही, हा चाचांचा दुसरा हट्ट. मी त्यांना म्हटलं, "चाचा, अंधार होता, नीट दिसलं नाही, एवढंच सांगा." तर माझ्याकडे असं बघितलं, की मीच ताडपत्री उचलली असावी. "खोटी साक्ष म्हणजे किती मोठा गुनाह, माहीत आहे का वकील? तुझा बाप वकील, तू वकील, आणि एवढं शिकवलं नाही?"

सरकारी वकिलांनी विचारलं, "आरोपीला ताडपत्री नेताना तुम्ही पाहिलंत?"

"पाहिलं."

लतीफने डोळे मिटले.

"तुमच्या परवानगीशिवाय नेली?"

"नाही साहेब. मी दिली होती."

"केव्हा दिलीत?"

"तो ओढत होता तेव्हा."

"त्याला तसं सांगितलंत?"

"नाही. मनात दिली. नियत केली."

"अहो, मग तुम्ही दिली हे कोणाला माहीत?"

"अल्लाला माहीत," चाचा शांतपणे म्हणाले.

मॅजिस्ट्रेटसाहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "सरकारी वकील," ते म्हणाले, "या वरच्या साक्षीदाराला बोलवायचा तुमचा विचार आहे का?"

लतीफ सुटला. संशयाचा फायदा. कोर्टाच्या पायऱ्यांवर त्याने चाचांचे हात धरले. डोळ्यांत पाणी होतं. मला वाटलं, आता काहीतरी मोठं बोलणार.

"आधी सांगायचंत ना चाचा," तो म्हणाला. "दिवसा नेली असती, टेम्पो घेऊन!"

चाचांनी त्याला दुसऱ्या दिवसापासून वखारीवर राखणीला ठेवलं. किल्ली त्याच्याच कमरेला. लोक म्हणाले, मांजराला दुधाची राखण. पण त्या दिवसानंतर वखारीतली काडी हलली नाही, हे मी माझ्या डोळ्यांनी बघितलंय.

आणि चाचांना एक किस्सा मिळाला. तो त्यांनी कुठे सांगितला नाही? लग्नात सांगितला, मय्यतीहून परतताना सांगितला, महालक्ष्मीच्या जत्रेच्या दिवसांत विवळवेढ्याला गवत पोचवायला गेले तर तिथल्या नारळवाल्यांना सांगितला. लतीफ तिथेच गासड्या मोजत असला तर त्याला हाक मारायचे, "अरे लतीफ, इधर आ! हाच तो! बघा आता कसा सोन्यासारखा माणूस झालाय!"

लतीफ यायचा, हसायचा आणि परत जायचा.

*

मशिदीचा माइक चोरीला गेला तेव्हाची गोष्ट. कमिटीचे अध्यक्ष गफूरशेठ. चिकूच्या दोन वाड्या, एक गाडी आणि प्रत्येक गोष्टीवर ठाम मत असलेला माणूस. ते म्हणाले, "पोलिसात द्या. आणि नाव पण मी सांगतो."

नाव कोणतं, ते सगळ्यांना कळलं. सगळ्यांनी मागच्या ओळीत बसलेल्या लतीफकडे बघितलं.

मौलाना म्हणाले, "दुसऱ्याचे ऐब शोधत फिरू नका असा हुकूम आहे. आपण तौबाचा, पश्चात्तापाचा दरवाजा उघडा ठेवू." म्हणजे काय, तर वझूच्या हौजाजवळ एक टोपली ठेवायची. ज्याच्याकडे दुसऱ्याचं काही असेल त्याने गुपचूप आणून टाकावं. कोणी बघायचं नाही, कोणी विचारायचं नाही. शुक्रवारी उघडायची.

टोपली डहाणू गावातल्या कोळणीकडून आणली. तीनदा धुतली तरी बोंबलाचा वास काही गेला नाही. आठवडाभर माणसं टोपलीकडे पाठ करून वझू करत होती. गफूरशेठ एवढे तिरके बसायचे की एकदा हौजात पडता पडता वाचले.

शुक्रवारी टोपली उघडली. तीन छत्र्या. मशिदीच्या कूलरचे पाच स्टीलचे ग्लास. एक पाना. एक जानमाज, नमाजाची चटई. कुकरची शिटी, नुसती शिटी! आणि एक टीव्हीचा रिमोट.

"हा माझा!" गफूरशेठ ओरडले. "नवीन टीव्ही घेतला तेव्हापासून शोधतोय!" त्यांचे मेहुणे एकदम जमिनीवरची नक्षी न्याहाळायला लागले.

माइक मात्र नव्हता.

तेवढ्यात गावाहून परतलेले बांगीसाहेब, म्हणजे अजान देणारे, पिशवी सांभाळत आत आले. टोपलीभोवतीची गर्दी बघून म्हणाले, "काय झालं? माइक? तो तर मी वाणगावला रिपेअरिंगला दिला होता. हा काय आणला!"

मशीद खो-खो हसली. लतीफ नाही हसला. "मग आठ दिवस लोक माझ्याकडे बघत होते ते कशासाठी?" त्याने विचारलं.

चाचांनी त्याच्या खांद्यावर हात टाकला. "अरे, मी तुझी बाजू घेतली ना! सगळ्यांना ठासून सांगितलं. ताडपत्री नेली होती ते खरं, पण माइक नाही!"

*

हा किस्सा आमचा नाही, म्हशींचा आहे.

चाचांची गवताची गाडी गुजरातच्या बाजूने येताना तलासरी नाक्यावर अडवली. ड्रायव्हरने गासड्यांच्या आत दमणची रम लपवलेली! नवा ड्रायव्हर, पहिलीच फेरी. गडबडीत गाडी खड्ड्यात घातली आणि निम्म्या बाटल्या आतल्या आत फुटल्या. गवत भिजून चिंब.

चाचांनी जन्मात दारूला हात लावलेला नाही. बनवणारा, विकणारा, वाहणारा, सगळ्यांवर अल्लाची लानत, म्हणजे शाप आहे असं ते म्हणत, आणि त्याच ड्रायव्हरला जामीन राहायला माझ्याबरोबर कोर्टात आले. "गुनाहला शिव्या द्याव्या वकील, गुनेगाराला नाही. त्याची बायको पोटुशी आहे."

झरीचा लाखमा वखारीत गासड्या बांधायला यायचा. त्याला काही हे पटेना. "चाचा, तू दारूच्या केशीत जामीन ऱ्हतोस," तो म्हणाला, "आन पीत त नाय! मंग तुला मिळला काय?"

गाडी पोलिसांकडून सुटल्यावर प्रश्न आला भिजलेल्या गवताचा. विकायचं की जाळायचं? चाचा मौलानांकडे गेले. मौलानांनी दोन दिवस मागून घेतले. मग सांगितलं, "काचा वेचून घ्या, गवत उन्हात वाळवा. गिऱ्हाइकापासून काही लपवू नका. बाकी, म्हशींवर शरियत लागू नाही."

चाचांनी जोगेश्वरीच्या तबेलेवाल्याला फोन करून सगळं खरं सांगितलं, भाव कमी केला आणि गवत पाठवून दिलं. चौथ्या दिवशी भैयाचा फोन आला.

"चाचा, सब भैंस खुश हैं. अगली गाड़ी में भी यही वाला घास भेजना!"

*

मग भूकंप सुरू झाले. डहाणू-तलासरीत त्या हिवाळ्यात जमीन रोज कुरकुरायची. सरकारने तंबू दिले, लोक अंगणात झोपायला लागले, आणि मशिदीत कधी नव्हे ती गर्दी व्हायला लागली.

एका जुम्म्याला, मौलानांचा खुतबा, म्हणजे शुक्रवारचं प्रवचन चालू असताना, एक जोराचा धक्का बसला. झुंबर हललं. खिडक्या खडखडल्या. चाचांच्या शेजारी गफूरशेठ बसले होते. त्यांनी दोन्ही हातांनी चाचांचा हात धरला.

"चाचा, तुमच्या वाडीचं कुंपण मी दोन हात आत सरकवलंय! माफ करा! या अल्ला, माफ करा!"

"माफ केलं, माफ केलं!" चाचा म्हणाले.

हे मी ऐकलं, कारण मी त्यांच्या मागच्या ओळीत होतो. माझ्या शेजारी लतीफ होता. त्यानेही ऐकलं.

जमीन थांबली. खुतबा झाला, नमाज झाली. बाहेर चपला शोधताना गफूरशेठनी मला बाजूला घेतलं. चेहऱ्यावर रंग परत आला होता.

"काय हो वकील, भूकंपात दिलेला कबुलीजबाब कोर्टात चालतो का?"

"धाकाने दिलेला चालत नाही," मी म्हणालो. "कोर्टात नाही, आपल्यातही नाही."

"वा!" ते म्हणाले. "कायदा चांगला केलाय!"

कुंपण अजून तिथेच आहे. चाचांनी त्याबद्दल कुठेही अवाक्षर काढलं नाही. माफ केलं म्हणजे केलं.

*

चाचा दर वर्षी हजचा फॉर्म भरायचे आणि दर वर्षी सोडतीत नाव राहून जायचं. एकोणीस साली लागलं. आख्खी मसोली नाचली.

आमच्यात हजला निघालेला माणूस आधी घरोघर जाऊन माफी मागतो. कहा-सुना माफ करना. कारण अल्लाचा अपराध केला असेल तर अल्ला माफ करील, तो मोठा आहे. पण माणसाचा अपराध माणसानेच माफ करावा लागतो. तो राहिला तर काबा गाठूनही ओझं पाठीवरच.

चाचांनी हे काम गवत भरावं तसं सुरू केलं. एक बाजू धरून. मला म्हणाले, "वकील, पंखा कुरकुरतो, मी बदलून दिला नाही, माफ कर." लाखमाकडे झरीला गेले. लाखमा म्हणाला, "चाचा, तू मरतंस का कय?" आणि रडायला लागला. त्याला समजावता समजावता संध्याकाळ झाली. फौजदारांची बदली झाली होती, त्यांना फोन केला. ते म्हणाले, "कशाबद्दल माफी? आधी गुन्हा सांगा, मग बघू!" गफूरशेठनी तर चाचा तोंड उघडायच्या आत माफ करून टाकलं, आणि वर म्हणाले, "आमच्यासाठी दुआ करा. विशेष करून जमिनीसाठी."

शेवटी लतीफ. तो काय, घरचाच. मी टेबलाशी बसलो होतो, दोघं दारात उभे होते.

"लतीफ, कहा-सुना माफ करना भाई."

लतीफ किल्लीशी चाळा करत राहिला. मग म्हणाला, "नाही चाचा."

चाचांना वाटलं गंमत करतोय. हसले.

"नाही करत माफ," लतीफ म्हणाला. "ताडपत्री तुम्ही मला दिलीत ना? मनापासून दिलीत?"

"अल्ला गवाह आहे!"

"मग पाच वर्षं झाली. रोज चार लोकांत उलगडून का दाखवता?"

चाचा दाढीत गवताची काडी शोधायला लागले.

"माझ्या पोरीला, सनोबरला दोन ठिकाणं येऊन गेली. एक वापीचं, एक बोईसरचं. मुलगी पसंत. मग ते बाहेर विचारायचे, लतीफ कोण? लोक सांगायचे, तोच, ज्याला सुलेमानचाचांनी माफ केलं. कशाबद्दल माफ केलं, हे पण सांगायचे. दोन्ही मोडली. आता उंबरगावचं आलंय. पोरगा सरीगामला कंपनीत आहे. बापाने अजून हो म्हटलेलं नाही."

"अरे, मी तर तुझं कौतुक करायचो!"

"तुमच्या कौतुकातला पहिला शब्द चोर असतो, चाचा." लतीफ म्हणाला. "गफूरशेठनी कुंपण सरकवलं. ते सांगितलंत कधी कुणाला?"

"नाही रे. एवढा मोठा माणूस, त्यांची इज्जत..." चाचा म्हणाले, आणि तिथेच थांबले.

पंखा कुरकुरत होता. मला फार वाईट वाटलं, दोघांसाठीही. आणि जरा स्वतःसाठीही, कारण बार रूममध्ये त्या ताडपत्रीवर मीही बऱ्याच वेळा टाळ्या घेतल्या होत्या.

चाचा वखारीतून गेले ते चार दिवस फिरकले नाहीत. मौलानांना विचारायला गेले होते म्हणे. एका माणसाने माफ केलं नाही तर काय करावं? मौलाना म्हणाले, "त्याच्याकडेच जा. त्याचा हक्क माझ्या खिशात नाही."

पण परत जायला त्यांचं धाडस होईना.

*

निघायचा दिवस उजाडला. श्रावणातली झड, मशिदीपुढे चिखल, मुंबईला न्यायला गाडी उभी. जोहरची, दुपारची नमाज झाली, गळाभेटी झाल्या, चाचांच्या गळ्यात एवढे हार की फक्त डोळे दिसत होते. हाजींना निरोप देण्यात पुण्य असतं, म्हणून लांबून लांबून लोक आलेले. उंबरगावचे ते पाहुणेही आले होते, मुलाचा बाप आणि काका. लतीफ त्यांच्याशेजारी इस्त्रीच्या सदऱ्यात उभा. चाचांकडे बघत नव्हता.

चाचा दारात आले, आणि चपला नाहीत!

नव्याकोऱ्या चपला. हजच्या गर्दीत हरवू नयेत म्हणून सुनेने पट्ट्यांना लाल दोरा शिवलेला. सकाळपासून चाचांनी पन्नास जणांना तो दोरा दाखवला होता. शोधाशोध झाली. पायऱ्यांखाली बघितलं, हौजाजवळ बघितलं. नाहीत.

"हाजीच्या चपला!" गफूरशेठ गरजले. "हाजीच्या चपला चोरतो म्हणजे काय हलकट माणूस असेल!"

आणि मग तेच झालं. नुसत्या माना वळल्या. एक, दोन, दहा. सगळ्या लतीफकडे.

उंबरगावच्या काकांनी भावाच्या कानात काहीतरी विचारलं. भावाने बाजूच्या माणसाला विचारलं, आणि तो माणूस उत्साहाने सांगायला तोंड उघडणार, तेवढ्यात चाचांनी हात वर केला.

आता चाचा काय म्हणणार, हे मसोलीतल्या पोराटोरांना पाठ होतं. 'ज्याने नेल्या त्याला मी माफ केलं.' तेच वाक्य. पाच वर्षं आम्ही ऐकत होतो. लतीफ मान खाली घालून त्याचीच वाट बघत होता.

चाचांनी हार बाजूला सारले. लतीफकडे बघितलं. मग गर्दीकडे.

"कसली चोरी?" ते म्हणाले. "मी अनवाणीच आलो होतो."

ज्या पन्नास जणांनी लाल दोरा बघितला होता, ते सगळे समोर उभे! गफूरशेठचं तोंड उघडं राहिलं. "अहो चाचा, सकाळी तुम्ही स्वतः मला..."

"शेठ, वय झालं तुमचं," चाचा म्हणाले. "मी अनवाणी आलो होतो. हो ना मौलाना?"

मौलाना समोरच्या ताडाच्या शेंड्याकडे बघत होते. बराच वेळ बघत राहिले.

मला कोर्टातल्या पिंजऱ्यातले चाचा आठवले. एक खोटा शब्द बोलायला नकार देणारे. आणि आता हजच्या वाटेवर पहिलं पाऊल टाकताना, भर दुपारी, मशिदीच्या दारात!

पायऱ्या उतरून, घोट्याएवढ्या चिखलातून अनवाणी चालत चाचा गाडीत बसले. उंबरगावचे पाहुणे लतीफला म्हणाले, "भला माणूस आहे हो तुमचा मालक." लतीफ गर्दीतून वाट काढत गाडीच्या खिडकीशी गेला. काचेवर हात ठेवला.

"ले जाओ चाचा," तो म्हणाला. "आपका हुआ."

चाळीस दिवसांनी चाचा हाजी सुलेमान होऊन परतले. माझ्या ऑफिसात खजूर आणि जमजमची बाटली घेऊन आले. सनोबरच्या लग्नाचं आमंत्रणही त्यांनीच दिलं. उंबरगावची वरात येणार होती आणि जेवणाचा मांडव वखारीच्या अंगणात पडणार होता.

मी वकील माणूस. राहवलं नाही. चहा ओतता ओतता विचारलंच, "चाचा, त्या चपला शेवटी कोणी नेल्या होत्या?"

"कुठल्या चपला?" चाचा म्हणाले.

चहा संपवून उठले. बाहेर लतीफ गासड्यांवर ताडपत्री ओढत होता, त्याला हाक मारली. मग दारात टेकून त्यांनी पायात चपला सरकवल्या. दोन्ही पट्ट्यांना लाल दोरा होता.